चार्जिंगचा ट्रॉली स्पीकर आणि दोन कॉर्डलेस माइक : ग्रामसभेसाठी घेतला, सव्वा वर्ष वापरला

हा स्पीकर आम्ही गाणी लावायला घेतला नाही. ग्रामसभेत बायकांचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जावं म्हणून घेतला आणि गेलं सव्वा वर्ष त्याच कामाला वापरला. त्यामुळे बास किती घुमतो, वरातीत चालेल का, हे मला सांगता येणार नाही. सभेला कसा आहे ते मात्र नीट सांगते, कारण गावोगावच्या सदस्य बायका आणि बचत गट असा स्पीकर घ्यायचा विचार करत असतील, त्यांना उपयोग होईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्याचे स्पीकर दुकानात चार वेगवेगळ्या नावांनी ठेवलेले होते, आतलं सगळं सारखंच. बारा इंची स्पीकर, खाली दोन चाकं, वर ओढायचा दांडा, आत १२ व्होल्टची बॅटरी, सोबत हातात धरायचे दोन बिनवायरचे माइक आणि एक रिमोट. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ घेतला. सांगितले साडेसात हजार, पक्क्या बिलासह ६,८०० ला दिला.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ग्रामसभा मंदिरासमोरच्या मंडपात होते. मंडपवाल्याचा एक वायरचा माइक असायचा, तो सरपंचांच्या टेबलावर. टेबलाच्या आसपास खुर्च्या, त्यांवर गावातली ठरलेली दहा-बारा माणसं. खाली सतरंजीवर बाकीचे पुरुष. बायका सगळ्यात मागं, पाराच्या पायऱ्यांवर. माळावरच्या वस्तीवरच्या बायका त्याच्याही मागं, उन्हात उभ्या. ज्या बाईला बोलायचं तिनं पदर सावरत सगळ्या पुरुषांमधून वाट काढत टेबलापर्यंत जायचं, माइक कुणीतरी द्यायची वाट बघायची आणि सासऱ्या-दिरांकडं तोंड करून बोलायचं. मी स्वतः वॉर्डातून निवडून आलेली सदस्य आहे. पहिल्या दोन वर्षांत मी ते अंतर चालून गेले ते फक्त दोनदा.

आमच्या नऊ सदस्यांत पाच बायका आहेत. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश राखीव जागा होत्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. सरपंचही बाईच आहेत. पण सभेत बोलायचे ते त्यांचे यजमान. खुर्ची वहिनींची, माइक दादांच्या हातात. दादा माणूस वाईट नाहीत, रात्री-अपरात्री कुणाच्याही दवाखान्याला गाडी काढतात. तरी गावानं निवडून दिलं ते वहिनींना.

पैसे कसे उभे केले तेही सांगते, कारण स्पीकर कुणाचा यावर पुढचं बरंच अवलंबून राहिलं. पंचायतीच्या निधीतून घ्यावा असं आधी मनात होतं. पण मग तो ऑफिसच्या कपाटात राहणार आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न येणार. म्हणून ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, बैठकीत विषय काढला. गावात चौदा बचत गट आहेत. गटामागे ५०० रुपये ठरले. तेरा गटांनी दिले. एका गटाच्या अध्यक्ष स्पष्ट म्हणाल्या, "आमच्या बायका आठवड्याला पन्नास रुपये काढताना विचार करतात, बोलायच्या भोंग्याला पाचशे कुठून देऊ?" त्यांचं चुकत नव्हतं. तो गट माळावरच्या वस्तीवरचाच, सगळ्या मजुरीला जाणाऱ्या. पैसे दिले नाहीत म्हणून त्यांना स्पीकरवर हक्क कमी का, यावर एक तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की गावातल्या सगळ्या बायकांचा समान हक्क. ते ग्रामसंघाच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. वरचे तीनशे मी घातले.

आता दुकानातली एक गोष्ट. स्पीकरच्या मागे फिरवायची बटणं असतात : मुख्य आवाज, माइकचा आवाज, इको, बास, ट्रेबल. आमच्या मॉडेलमध्ये माइकच्या आवाजाचं बटण दोन्ही माइकला मिळून एकच आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, हजारभर रुपये जास्त घाला, वरचं मॉडेल घ्या. दोन्ही माइकला वेगळं बटण. स्टेजवरचा मोठा ठेवता येतो, खालून कुणी बोलत असला तर बारीक करता येतो." मी तिथंच ठरवलं की एकाच बटणाचा घ्यायचा. त्या बटणापाशी सभेत कोण उभं राहणार आणि कुणाचा आवाज बारीक करणार, हे मला दुकानातच दिसत होतं. एका बटणावर दोन्ही माइक असले की सरपंचांचा आवाज जेवढा, तेवढाच पायरीवरच्या बाईचा. कमी करायचा तर दोघांचा कमी होतो. माझ्या मते या मॉडेलची सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे आणि खोक्यावर ती कुठंच छापलेली नाही.

पहिला वापर गेल्या वर्षी १५ ऑगस्टच्या आधीच्या महिला ग्रामसभेत केला. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे. आमच्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊन होत होती. या वेळी आदल्या संध्याकाळी मी आणि आमच्या सीआरपी ताई (गावातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या) स्पीकर घेऊन गल्लोगल्ली आणि वस्तीवर फिरलो. बॅटरीवर चालतो त्यामुळं वायर-लाइटची भानगड नाही. "उद्या सकाळी नऊला शाळेत महिलांची ग्रामसभा, परवा झेंड्यानंतर मुख्य ग्रामसभा, आपापले विषय घेऊन या," एवढंच बोललो. एरवी नोटीस लागते ती पंचायतीच्या फळ्यावर. वस्तीवरची बाई त्या फळ्यापाशी कधी जाणार?

ग्रामसभेला गणपूर्ती लागते : मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तो आकडा. आमचे मतदार तेराशेच्या वर, म्हणजे शंभर माणूस हवं. शंभर जमत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पुढच्या तारखेला खुर्च्यांवरची तीच वीस-पंचवीस माणसं बसतात आणि सगळ्या गावाचे ठराव होऊन जातात. कित्येक वर्षं असंच चाललं होतं आणि सगळं नियमात बसत होतं. गेल्या वर्षीच्या १५ ऑगस्टला मी रजिस्टर बघितलं, १३२ सह्या होत्या. त्यात ५८ बायका.

महिला सभेत आम्ही माइकचे नियम ठरवले. टेबलावरचा माइक फक्त अध्यक्षांचा. दुसरा माइक फिरता, तो सगळ्यात मागच्या ओळीपासून सुरू होणार. हात वर केलेल्या सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणालाही दुसरी पाळी नाही. माइक फिरवायला बारावीतली एक मुलगी. मुख्य सभेत मी हे मांडलं तेव्हा खुर्चीवरून एक जण म्हणाले, "ग्रामसभा आहे, ज्याला बोलायचं तो बोलतो. नियम कशाला?" मी म्हटलं, "दादा, ज्याला बोलायचं तो बोलत असता तर वस्तीवरचं कुणीतरी आजवर बोललं असतं." तेवढ्यात सरपंचवहिनींनी टेबलावरचा माइक उचलला. बटण चालू होतं की नाही हे बघायला त्यांनी तो एकदा बोटानं ठोकला आणि म्हणाल्या, "राहू दे नियम. मला मान्य आहे." अध्यक्ष म्हणून त्यांचा आवाज मी पहिल्यांदा माइकवर ऐकला. त्यांचे यजमान खाली सतरंजीवर येऊन बसले. मतदार म्हणून ग्रामसभेत बोलायचा त्यांना हक्क आहेच, तो त्यांनी पाळी आल्यावर वापरला.

मागच्या ओळीत पहिला हात वर केला तो वस्तीवरच्या आक्कांनी. वय सत्तरीच्या आसपास. मुलीनं माइक हातात दिला तर आक्कांनी तो पोटाजवळ धरला, कळशी धरतात तसा. दोन वाक्यं बोलल्या, काहीच ऐकू गेलं नाही. मुलीनं त्यांचा हात हळूच वर केला, माइक हनुवटीशी आला आणि पुढचा शब्द एकदम मंदिराच्या भिंतीवरून परत आला. आक्का दचकून थांबल्या. वर बघितलं, मग स्पीकरकडं बघितलं. मग पहिल्यापासून परत बोलायला लागल्या. "आमच्या वस्तीला पाणी सोडत्यात दुपारी दोनला. तवा आमी सगळ्या दुसऱ्याच्या रानात भांगलायला. घरी दोन म्हातारी न् पोरं. नळ वाहून जातो न् हंडा रिकामाच ऱ्हातो. आमाला पाणी सकाळी पायजे." एवढंच. मला खात्री आहे की हेच त्या पायऱ्यांमागून दहा वर्षं बोलत होत्या.

त्यावर अर्धा तास चर्चा झाली. गावठाणातल्या बायकांचीही अडचण होती, त्यांनाही सकाळी शाळा-डबे असतात. आवाजी मतदान घेतलं असतं तर वस्ती हरली असती, घरंच मोजून चाळीस. एका गावठाणातल्या वहिनीनंच तोडगा काढला : एक आठवडा सकाळचं पाणी आधी गावठाणाला, एक आठवडा आधी वस्तीला. सगळ्यांनी होकार दिला. यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणात आम्हाला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाबद्दल सांगितलं होतं. तिथं निर्णय बहुमतानं करत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. तेव्हा मला वाटलं होतं, छोटं गाव आहे म्हणून जमत असेल. त्या दिवशी एका विषयापुरतं का होईना, ते आमच्याकडं झालं.

आता जे लिहिताना जड जातं ते. आक्कांनंतर माइक एका पुरुषाकडं गेला. त्यानं वरचा स्पंज काढला, खांद्यावरच्या टॉवेलनं जाळी पुसली आणि मग बोलायला लागला. माइक चालूच होता. पुसल्याची खरखर स्पीकरमधून सगळ्या सभेनं ऐकली. त्याच्या आधी आणि नंतर माइक पाच-सहा जणांच्या हातातून गेला, कुणी पुसला नव्हता. सभा गप्प राहिली. मीही गप्प राहिले. मला तेव्हाच उठून बोलायला हवं होतं, ते मी केलं नाही, आणि ती खरखर अजून माझ्या कानातून जात नाही.

पुढच्या महिला सभेत मी विषय काढला. मी सुचवलं की माइक कुणाच्या हातात द्यायचाच नाही, मुलगीच धरेल, बोलणाऱ्यानं नुसतं बोलायचं. मला वाटलं हा चांगला उपाय आहे. आक्का म्हणाल्या, "आन् मग मी का हातात धरू नको? त्यानं पुसला म्हून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. सूचना मी मागं घेतली. आता सभेच्या सुरुवातीला सरपंचवहिनी माइकवरून सांगतात की माइक हातोहात जाईल, स्पंज कुणी काढायचा नाही आणि पुसायचा नाही. त्यानंतरच्या चार सभांत कुणी पुसलेला नाही. एक गृहस्थ मात्र माइक घेतच नाहीत, बसल्या जागेवरून ओरडून बोलतात.

स्पीकरनं काय होत नाही तेही सांगायला हवं. पाण्याचा ठराव झाला, टाळ्या झाल्या, महिना गेला, पाणी दुपारीच. पाणी सोडणारा म्हणाला, मला काही लेखी नाही. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय दोन मिनिटांत संपायचा. ग्रामसेवक भाऊसाहेब पुटपुटल्यासारखं वाचायचे, पुढच्या रांगेतले मान हलवायचे, झालं कायम. या वेळी त्यांच्या समोर माइक धरला. ऐकू आलं ते असं : "पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली." आठवड्याची पाळी नाही, सकाळ नाही, वस्तीचं नाव नाही. मागून एकदम दहा-बारा हात वर झाले. इतिवृत्त दुरुस्त झाल्याशिवाय कायम करायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं आणि तिथंच बसून ठराव शब्दाशब्दानं लिहून घेतला. भाऊसाहेबांवर सहा गावांचा नाही तरी दोन गावांचा बोजा आहे, ते रात्री आठवून लिहितात, हेही मला माहीत आहे. पण आठवून लिहिताना विसरली जाते ती वस्ती, गावठाण कधी विसरलं जात नाही. आता प्रत्येक ठराव झाला की पुढच्या विषयाला जाण्याआधी तो माइकवर वाचून घेतो. वस्तीला सकाळचं पाणी त्यानंतर आठ दिवसांत सुरू झालं.

याउलट गुप्त मतदानाची मला नेहमी आठवण येते. माझ्या माहेरकडच्या भागात दारूच्या दुकानासाठी बायकांचं मतदान झालं होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तरच दुकान बंद. तिथं बाईला बोलावं लागत नाही, शिक्का मारून ती घरी जाते, नवऱ्याला कळतही नाही. दारूच्या प्रश्नावर मी कुठल्याही बाईच्या हातात माइक देणार नाही. रात्री तिला त्याच घरात जायचं असतं.

वस्तू म्हणून दोष बरेच आहेत. बॅटरी सहा तास चालते असं खोक्यावर लिहिलंय. नवी असताना चार तास चालली, वर्षभरानं दीड तासावर आली. गेल्या महिन्यात ९०० रुपयांना नवी टाकली. चाकं प्लॅस्टिकची, वस्तीच्या रस्त्यावर तिसऱ्या खेपेला एक मोडलं, आता दोघी मिळून उचलून नेतो. पुढचे रंगीत दिवे सभेत उघडझाप करत राहतात. ते बंद करायचं बटण कुणाला सापडेना, शेवटी त्या बारावीतल्या मुलीनं शोधलं, एक बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं. इको कायम शून्यावर ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या माणसांचे शब्द एकमेकांत मिसळतात. फिरता माइक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी मारतो, म्हणून स्पीकर सगळ्यात पुढं, लोकांकडं तोंड करून कोपऱ्यात ठेवावा आणि मुलीला त्याच्यासमोरून जाऊ देऊ नये. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग होतं म्हणतात, झालं, पण इतकं खरखरीत की ठरावासाठी उपयोगाचं नाही. एक माइक आठ महिन्यांत बंद पडला. दुकानात नेला तेव्हा कळलं की वॉरंटी स्पीकरला आहे, माइकला नाही. विकताना हे सांगितलं नव्हतं. नवा माइक ८५० ला पडला.

घेताना दुकानात दोन्ही माइक एकदम चालू करून दोघींनी दोन टोकांना उभं राहून बोलून बघा. माइकला पेन्सिल सेल लागतात, प्रत्येकी दोन, चार-पाच तासांत संपतात, चार्जिंगचे सेल घेतलेले परवडतात. बिल गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावानं करा. आमच्याकडं मध्ये एकदा "पंचायतीत जमा करा, तिथं सांभाळून राहील" अशी सूचना आली होती, तेव्हा ते बिल आणि वहीतल्या सह्या कामाला आल्या.

पैशाच्या मानानं वस्तू ठीक. पाचपैकी तीन तारे स्पीकरला. एक तारा मी त्या एकाच बटणासाठी वाढवते, म्हणून चार.

सध्या स्पीकर माळावरच्या वस्तीवर आहे, दर तीन महिन्यांनी वॉर्ड बदलतो. बॅटरी वापराविना पडून राहिली तर बसते, म्हणून दर पंधरा दिवसांनी चार्जिंगला लावायचं काम आक्कांच्या सुनेकडं दिलंय. पुढच्या महिला ग्रामसभेचा विषय ठरला आहे : पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले महिला व बालकल्याणाचे १० टक्के तीन वर्षांत कशावर खर्च झाले ते कॅशबुकमधून माइकवर वाचून दाखवणे. भाऊसाहेबांना तसं पत्र दिलंय, पोच घेतली आहे. सेल नवे आणून ठेवलेत.